टोपीला लावलेला हात

माझा आवाज काढून टाकणार हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. बायकोला माहीत होतं, डॉक्टरांना तर होतंच. ऑपरेशनच्या सकाळी माझा गळा आणि छाती साफ करायला आलेल्या न्हाव्यालाही बहुतेक माहीत असावं, कारण आदल्या दिवशी शेजारच्या पेशंटशी अखंड बडबडणारा तो माणूस माझ्यापाशी गप्प होता. आणि बेनीला माहीत होतं. बाकीच्यांचं मी एक वेळ समजून घेईन. बेनीचं अजून पचत नाही.

आता मी बरा आहे. घाटकोपर स्टेशनजवळचं माझं खेळाच्या सामानाचं दुकान चालू आहे. जेवण जातं, झोप लागते. कॉलरचं पहिलं बटण असतं तिथे श्वासासाठी एक भोक आहे आणि त्यावर बायकोने, सुमनने, शिवलेला मलमलीचा रुमाल असतो. हा आजार ज्या घरात आला आहे त्या घरासाठी हे लिहितो आहे. पेशंटने वाचलं तर चांगलंच. पण पेशंटच्या खोलीबाहेर उभे राहून जे कुजबुजत असतात, त्यांनी आधी वाचावं.

मी कोण

वडील मालवणकडचे, गिरणीत होते. कांजूरमार्गला एका खोलीत आम्ही सात जण. मला कोणी काही दिलं नाही. जे मिळालं ते भांडून आणि घासाघीस करून मिळालं. डाव्या हाताने चेंडू वळवायचो, म्हणून एका मोठ्या कंपनीने आपल्या टीममध्ये खेळण्यासाठी नोकरी देऊ केली, तेव्हा मी मॅट्रिक पास पोरगा साहेबासमोर बसून पगार वाढवून घेऊन उठलो होतो. पुढे दुकान काढलं तेही त्याच जिभेवर. जालंधरच्या बॅटवाल्यांपासून कॉलेजच्या जिमखान्यापर्यंत सगळ्यांना माझा आवाज माहीत होता. मी फोनवर ओरडलो की समोरच्या फुटपाथवरचा केळीवाला भाव उतरवतो, असं लोक म्हणायचे.

सत्तरच्या दशकात मी भारताकडून काही कसोटी सामने खेळलो. एका परदेश दौऱ्यावरही गेलो. नंतर टीममधून माझं नाव गेलं. का गेलं ते मला कोणी सांगितलं नाही. मुलुंडला पानाच्या गादीवर उभा होतो, रेडिओवर टीम जाहीर झाली, त्यात मी नव्हतो. पानवाल्याने चुन्याचं बोट पुसलं आणि दुसरीकडे बघितलं. माझ्याबद्दलचे निर्णय सगळ्यांत शेवटी मला कळतात, हे तेव्हापासून चालत आलं आहे.

बेनी

बेनी अंधेरीच्या एका गावठाणातला. त्याच्या घरची भातशेती होती, ती जाऊन तिथे कारखाने आले. कंपनीच्या टीममध्ये आणि मुंबईच्या टीममध्ये तो आमचा विकेटकीपर. तो भारताकडून कधी खेळला नाही, खेळायला हवा होता.

क्रिकेट न खेळलेल्यांसाठी एक गोष्ट सांगावी लागेल. फिरकी टाकणाऱ्याला बॅटची कड लागली की नाही हे नीट कळत नाही. तो चेंडू टाकून पुढे झुकलेला असतो, मध्ये बॅट्समनचं अंग असतं. ऐकू येतं ते कीपरला. म्हणून आमचा करार होता. कड लागली असेल, आमच्या भाषेत कट असेल, तर बेनी दोन्ही हात वर करून ओरडणार, आणि मग मी असा ओरडणार की अंपायरच्या बापाने बोट वर करावं. लागली नसेल तर तो ग्लोव्हने टोपीच्या टोकाला एकदा हात लावणार. म्हणजे काही नाही, जा आणि पुढचा चेंडू टाक. मग स्लिपमधले सगळे ओरडले तरी मी ओरडायचो नाही.

हा करार आम्ही एकदाही मोडला नाही. टीममधून बाहेर गेल्यावर परत येण्याची एकच संधी मला मिळाली. मुंबईचा सामना होता, निवड समितीची माणसं वर बसली होती, आणि समोर त्या वेळचा देशातला सर्वांत मोठा बॅट्समन होता. तो अजून स्थिरावला नव्हता. माझा चेंडू वळला, बॅटजवळून गेला, बेनीच्या हातात बसला. तीन स्लिप एकदम उडाले. अंपायर माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं असतं तर त्याने बोट वर केलं असतं, हे मैदानावरच्या सगळ्यांना दिसत होतं. मी बेनीकडे बघितलं. त्याने टोपीला हात लावला. मी वळलो आणि मार्कवर गेलो.

त्या माणसाने पुढे शतक केलं. मला पुन्हा कोणी बोलावलं नाही. संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये बेनी म्हणाला, "सॉरी रे जग्या. पण नव्हती लागली." मी म्हटलं, नव्हती तर नव्हती. त्याबद्दल मी त्याला कधी बोल लावला नाही. उलट जगात एक तरी माणूस मला खोटं सांगणार नाही, याचा मला माज होता.

घसा

आवाज बसायला लागला तेव्हा सगळे हसले. इतकं ओरडल्यावर दुसरं काय होणार. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. सिगारेटी कमी केल्या. एक दिवस जालंधरला ट्रंक कॉल लावला आणि ज्या माणसाशी वर्षानुवर्षं दर महिन्याला भांडत आलो, त्याने विचारलं, "कौन बोल रहा है?" मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी सुमनला म्हटलं, चल, डॉक्टरला दाखवू.

मुलुंडच्या घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, मग गुंगी देऊन आतला एक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. समोर एक गृहस्थ होते. त्यांच्या गळ्याला भोक होतं, त्यावर फडकं धरून ते मुलाला खुणा करत होते. खोकला आला तो तोंडातून नाही, त्या भोकातून आला. मी सुमनकडे झुकून म्हटलं, असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं. माझ्यावर ही वेळ आली तर मला देवनारच्या डम्पिंगवर नेऊन टाक, पण असं ठेवू नकोस.

मी हे सहज बोललो. माणूस बाकावर बसून बोलतो तसं. तिने ते डोक्यात ठेवलं.

डॉक्टरांनी दार उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, जरा तुम्ही या." मला वाटलं पथ्यपाण्याचं असेल. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखा होता. साधी गाठ आहे म्हणाली, काढून टाकायची, मग आवाज मोकळा होईल. साडीची खरी किंमतही जिला माझ्यापासून लपवता येत नाही, ती बाई एवढं लपवून घाटकोपरपर्यंत माझ्याशी बोलत आली. वाटेत तिने कोथिंबीरही घेतली.

मुंबईत परळला, कॅन्सरच्या हॉस्पिटलात, नेलं की माणूस काय ते समजतो. म्हणून मला परळला नेलं नाही. बेनीच्या ओळखीने अंधेरीला एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. तिथे बाळंतिणी होत्या, पाय मोडलेले होते. सर्जन मात्र बाहेरून येणार होते. बेनी म्हणाला, माझ्या घराजवळ आहे, डबा द्यायला बरं पडेल. मला ते पटलं. स्वतःला हुशार म्हणवणारा मी, ज्याला उभ्या आयुष्यात कोणी पुठ्ठ्याची बॅट विकली नाही, तो डब्यावर फसलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

तरीही माझ्या मनात काहीतरी खुपत होतं. साध्या गाठीला एवढे दिवस राहायचं कशाला? सुमन माझ्या डोळ्यांत बघत नव्हती, सारखी चादर सरळ करत होती. सर्जन आले, हसले, माझा दौऱ्यावरचा एक स्पेल त्यांना आठवत होता त्याबद्दल बोलले आणि निघून गेले. सुमनने कागदावर सही केली. त्या काळी असं चालायचं, आजही चालत असेल.

दुपारी बेनी आला. टक्कल पडल्यापासून तो बाहेरही टोपी घालून फिरायचा, तशीच चपटी टोपी डोक्यावर होती. सुमन चहा आणायला खाली गेली. मी कसाबसा आवाज काढून विचारलं, "बेनी, कट आहे का?"

त्याला नीट कळलं मी काय विचारतोय. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग माझ्याकडे वळला आणि टोपीच्या टोकाला एकदा हात लावला.

मी पाय पसरले. त्या दुपारी मला जी झोप लागली तशी पुढे कित्येक महिने लागली नाही.

नंतर

शुद्धीवर आलो तेव्हा तहान लागली होती. पाणी मागितलं. म्हणजे ओठ हलले, जीभ हलली, पण काही झालं नाही. मला वाटलं कानात दडे बसलेत. पुन्हा मागितलं. सिस्टरने माझा हात धरून हळूच खाली ठेवला, कारण तो गळ्याकडे चालला होता. तिथे नळी होती. मी नाकातून श्वास घेत नव्हतो.

त्या बाकासमोरच्या गृहस्थांचं फडकं मला आठवलं आणि सगळं समजलं. सुमन पायाशी उभी होती. ती रडत काहीतरी सांगत होती. मी तिला शिव्या देत होतो. खोलीत फक्त तिचा आवाज होता.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, नळीतून कफ ओढून काढतात ते भयंकर वाटतं, पण सवय होते. नाकातल्या नळीने दूध आणि पेज देतात, त्याचीही होते. वास जातो, फोडणी आणि गटार सारखंच. आंघोळीला गळा सांभाळावा लागतो. जुहूला समुद्रात उतरायचं कायमचं बंद. फुंकर मारता येत नाही, चहा निवेपर्यंत वाट बघावी लागते. हे सगळं चालतं. राग येतो आणि ओरडता येत नाही, याची सवय होत नाही. मी भांडी आपटली, पाटी आपटली. हो, मला पाटी दिली होती, पहिलीतल्या पोराला देतात तशी. सुमनने हाक मारायला देवघरातली घंटा आणून दिली, ती मी भिरकावली. सिस्टरने ती उचलली आणि म्हणाली, बॉलिंग अजून चांगली आहे. केरळची होती, बारीकशी. त्या दिवसांत मला हसवणारी ती एकटीच. हसलो की भोकातून फुस्स असा आवाज यायचा, त्याला दोघंही पुन्हा हसायचो.

बेनी डबा घेऊन आला. मी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशीही आला. मी पाटीवर लिहिलं, "येऊ नको." तो ते वाचून डबा ठेवून गेला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. डब्यात माझ्यासाठी काही नसायचं, मला तर नळी होती. तो सुमनसाठी यायचा. ती जेवत नव्हती हे मला त्यावरून कळलं. मी विचारलं नव्हतं.

दुकान

घरी आल्यावर दुकानात बसायला लागलो. गिऱ्हाईक भाव विचारतं, मी पाटीवर लिहितो, ते कमी करून मागतं, मी पुसतो, पुन्हा लिहितो, तोवर ते शेजारच्या दुकानात. घासाघीस ही वेळेची गोष्ट आहे. समोरचा श्वास घेतो तेवढ्यात बोलावं लागतं. खडूने ते होत नाही. जुने लोक हळू बोलायला लागले, जणू मी बहिरा झालोय. काही जण तर माझ्यासमोरच सुमनला विचारायचे, आता कसे आहेत?

घरात मी सुमनशी पाटीवरही बोलत नव्हतो. एकदा तीच बोलली. भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "तुम्ही बाकावर काय म्हणालात ते मी ऐकलं होतं. मला तुम्हाला डम्पिंगवर टाकायचं नव्हतं." मी उठून बाहेर गेलो. तिच्यावरचा राग त्या दिवसापासून थोडा कमी झाला हे खरं. तिचा माझा तसा करार नव्हता. बेनीचा होता.

शांतीभाई

सर्जननी ज्यांच्याकडे पाठवलं ते शांतीभाई घाटकोपरलाच राहायचे, शेअर बाजारातले दलाल. त्यांच्याही गळ्याला भोक. बाजारात ओरडण्यावर ज्याचं पोट, त्याचा आवाज गेला, आणि तो परत बाजारात उभा राहिला. त्यांची रीत अशी की हवा गिळायची आणि ढेकर देतो तशी वर आणून तिचाच शब्द करायचा. आवाज जाड येतो, बेडकासारखा, पण तो स्वतःचा असतो. ते आपल्यासारख्या लोकांना हॉलमध्ये बसवून शिकवायचे, चहा पाजून.

पहिल्या दिवशी मी पाटीवर लिहिलं की मला न सांगता माझा आवाज काढला. शांतीभाई त्यांच्या मोडक्या मराठीत, एकेक घास तोडल्यासारखं म्हणाले, "मला पन... नाय सांगितला. आता... राग गिळ... नी वर काढ. तेच... शिकायचा हाय."

पा, टा, का. एवढंच महिनाभर. पोट दुखायचं. घरी आरशासमोर बसून ढेकरा काढायचो, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सुमनला ओवा पाठवला. पा, टा, का. कधी निघायचं, कधी नाही.

एका रविवारी बेनी दारात उभा. तो येतच असायचा, मी आतल्या खोलीत जायचो. त्या दिवशी गेलो नाही. त्याला समोर बसू दिलं. हवा गिळली आणि वर आणली.

"का?"

तो दचकला. मग त्याचे डोळे भरले, आवाज ऐकून की प्रश्न ऐकून, माहीत नाही. म्हणाला, "त्या वेळी विकेट होती रे जग्या. या वेळी तू होतास."

मी पाटी ओढली. लिहिलं: "विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाला असतास."

"मग नाही."

"मग आम्ही काय करायचं होतं? तुझ्या तेराव्याला जेवायला यायचं?"

मी पाटी पालथी ठेवली. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. मी नाहीच म्हणालो असतो. जडीबुटी, अंगारे, काहीही केलं असतं, सर्जनशी घासाघीस केली असती आणि आज हे लिहायला नसतो. हे मला तेव्हाही समजत होतं. पण जीव माझा होता आणि तो सौदा माझ्या पाठीमागे झाला. फायद्याचा सौदा झाला म्हणून फसवणूक फसवणूक राहत नाही, असं कुठल्या बाजारात आहे? त्याने टोपीला हात लावला नसता, नुसता रडला असता, तरी चाललं असतं. मला कळलं असतं, आणि मग मी काय ते ठरवलं असतं.

त्याला हे सगळं सांगण्याएवढा आवाज माझ्याकडे नव्हता. मी फक्त त्याच्या टोपीकडे बोट दाखवलं. त्याने मान खाली घातली.

बाक

वर्षाने चेकअप होता. तोवर मी वाक्यं बोलायला लागलो होतो, तुटक पण कळतील अशी. सुमनला ताप होता, म्हणून सोबत बेनी आला. मी नको म्हटलं होतं. तो रिक्षात बसलाच.

सर्जननी मान चाचपली, डाव्या बाजूला जरा जास्त वेळ. मला बाहेर बसायला सांगितलं आणि दारातून म्हणाले, "जरा तुम्ही या." बेनीला.

पुन्हा तसाच बाक. मी बसलो. ज्यांनी अशा बाकावर वाट बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दाराच्या काचेतून दोन सावल्या दिसत होत्या. एक बोलत होती, दुसरी मान हलवत होती.

बेनी बाहेर आला. मी हवा गिळली.

"कट... आहे?"

त्याचा हात वर गेला. सवयीचा हात, इतक्या वर्षांचा. टोपीपर्यंत गेला. मग त्याने टोपी डोक्यावरून काढली आणि दोन्ही हातांत धरली.

"आहे," तो म्हणाला. "मानेत एक गाठ लागतेय. कसली ते तुकडा काढल्याशिवाय कळणार नाही. ते मला सांगत होते, घरी हळूहळू सांगा. मी म्हटलं, मला नको, त्यालाच सांगा. चल आत."

आधीच्या वेळी पाय पसरून झोपलो होतो, या वेळी भिंत धरून उठलो. पण उठलो ते माझं मी.

पुढे ती गाठ साधी निघाली. हे मला सर्जननी सांगितलं, समोर बसवून, माझ्याकडे बघत. लोक विचारतात, बेनीला माफ केलंस का? नाही केलं. तो दर रविवारी येतो, चहा पितो, जातो. ऑपरेशनच्या आदल्या त्या दुपारचं आम्ही पुन्हा बोललो नाही.

पण त्या चेकअपच्या दिवशी मी सर्जनच्या समोर खुर्ची ओढून बसलो. त्यांना पेशंटशी थेट बोलायची सवय नव्हती, ते माझ्या खांद्यावरून बेनीला शोधत होते. मागे बेनी बाहेर जाऊन दार ओढून घेत होता. मी वळलो.

"दार... उघडं... ठेव."